वेगळी काढली म्हणून कळली : पनामाच्या गेशा कॉफीची गोष्ट

किराणा दुकानात इन्स्टंट कॉफीची पुडी दोन-पाच रुपयांना मिळते. तिच्यात एक कप कॉफी होते आणि सकाळ साजरी होते. ऑगस्ट २०२५ मध्ये मध्य अमेरिकेतल्या पनामा या छोट्या देशातल्या कॉफीचा ऑनलाइन लिलाव झाला. त्यात एका कुटुंबाच्या मळ्यातली वीस किलो कॉफी किलोला ३०,२०४ डॉलर या भावाने गेली. आपल्या पैशांत हा भाव किलोला सव्वीस लाख रुपयांच्या घरात जातो. एका कपाला साधारण पंधरा ग्रॅम भाजलेली कॉफी लागते. तेवढ्या बियांची नुसती खरेदीच चाळीस हजार रुपयांच्या आसपास पडते.

दोन्हीकडे कॉफीचंच बी. मग एवढी तफावत कशामुळे?

श्रीमंतांची हौस म्हणून हा प्रश्न सोडून देता येईल. इतक्या टोकाच्या भावात हौस, चढाओढ आणि प्रसिद्धी यांचा वाटा आहे, हेही खरं. पण याच मळ्यातली, याच वाणाची कॉफी २००४ साली पहिल्यांदा स्पर्धेत उतरली, तेव्हा तिच्याभोवती कसलंही वलय नव्हतं. परीक्षकांसमोर फक्त क्रमांक टाकलेले कप होते. कोणाचा मळा, कोणतं वाण, त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. तरीही त्यांनी तिला पहिला क्रमांक दिला आणि लिलावात ती पौंडाला २१ डॉलरने गेली. त्या काळी जागतिक बाजारात साध्या अरेबिका कॉफीचा भाव पौंडाला एक डॉलरही नव्हता.

म्हणजे कपात काहीतरी होतंच. ते कुठून आलं, इतकी वर्षं कोणाला का कळलं नाही आणि एका कुटुंबाला ते कसं सापडलं, हे क्रमाने पाहू.

वाण : इथिओपियाच्या जंगलातून निघालेलं

कॉफीच्या रानटी आणि लागवडीच्या मिळून सव्वाशेच्या आसपास प्रजाती आहेत. बाजारात मात्र दोघींचंच राज्य आहे, अरेबिका आणि रोबस्टा. रोबस्टा कडवट आणि काटक. अरेबिका नाजूक, पण सुगंधी. अरेबिकाचं मूळ घर नैऋत्य इथिओपियातल्या डोंगरी जंगलात आहे.

अरेबिकाच्या फुलाला फळ धरण्यासाठी दुसऱ्या झाडाच्या परागांची गरज नसते. त्याच फुलातले पराग त्याच फुलाला चालतात. त्यामुळे बी पेरलं की उगवणारं झाड बहुतेक आईसारखंच निघतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही सोय आहे, पण तिची दुसरी बाजूही आहे. मोजक्या बियांपासून लागवड सुरू झाली, तर पुढची लाखो झाडं त्या मोजक्या बियांचीच नक्कल होतात.

जगात नेमकं तसंच झालं. इथिओपियातून थोडं बी येमेनला गेलं आणि तिथून भारतात आलं. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी मक्केहून परतताना सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्या शतकाच्या अखेरीस डचांनी मलबार किनाऱ्यावरून कॉफीची रोपं जावा बेटावर नेली. जावाहून १७०६ साली एक रोप अॅमस्टरडॅमच्या उद्यानात आलं. त्याच्या वंशातलं एक झाड १७१४ साली फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला भेट मिळालं. पुढच्या दशकात त्यातूनच एक रोप कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर पोचलं. अमेरिका खंडातल्या कॉफीच्या मळ्यांचा मोठा भाग अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या झाडांचा वंश आहे. चवीचा पल्ला त्यामुळे आखूड राहिला आणि रोग आला की सगळी झाडं एकदम आजारी पडू लागली.

तसा रोग आलाही. १८६९ च्या सुमारास श्रीलंकेत कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला. ही नारिंगी भुकटीसारखी दिसणारी बुरशी आहे. काही वर्षांत तिथले कॉफीचे मळे उद्ध्वस्त झाले आणि मळेवाले चहाकडे वळले. दक्षिण भारतातही तांबेऱ्याने मोठं नुकसान केलं.

तांबेऱ्याला पुरून उरणारं झाड हवं असेल, तर ते अरेबिकाच्या मूळ घरी शोधायला हवं, हे उघड होतं. १९३० च्या दशकात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इथिओपियातल्या गेशा नावाच्या डोंगरी भागातून कॉफीचं बी गोळा केलं. ते केनिया आणि टांझानियाच्या संशोधन केंद्रांत लावलं गेलं. १९५३ मध्ये त्यातलं काही बी कोस्टा रिकामधल्या तुरिआल्बा इथल्या कृषी संशोधन केंद्रात आलं. तिथे त्याची नोंद ‘टी २७२२’ या क्रमांकाने झाली. १९६० च्या दशकात तिथूनच ते शेजारच्या पनामात पोचलं. हेच गेशा वाण. इंग्रजी नोंदींमधल्या वेगळ्या लेखनामुळे काही जण त्याला गेइशा म्हणतात. जपानच्या गेइशांशी त्याचा काहीही संबंध नाही.

शेतकऱ्यांना नकोसं झालेलं झाड

पनामातल्या शेतकऱ्यांनी गेशा लावलं ते चवीसाठी नव्हे, तांबेऱ्याच्या धास्तीने. पण त्यांची निराशाच झाली.

कॉफीचं फळ फांदीवर कुठेही येत नाही. फांदीवर जिथे पानांची जोडी फुटते त्या पेराशीच फळांचा घोस धरतो. गेशाचं झाड उंच आणि विरळ वाढतं. त्याच्या फांदीवरची पेरं एकमेकांपासून लांब असतात. तेवढ्याच लांबीच्या फांदीवर पेरं कमी, म्हणून घोस कमी आणि पीक कमी. त्यातही फांद्या ठिसूळ. वाऱ्याने किंवा तोडणीच्या वेळी त्या पटकन मोडतात.

कमी उंचीच्या जमिनीवर त्याची चवही खास लागत नव्हती. शेतकऱ्याला पैसे मिळत ते वजनावर. मग झाडामागे जास्त फळ देणारी कातुर्रा, कातुआई यांसारखी ठेंगणी वाणं पुढे आली आणि गेशा मागे पडलं. अनेक मळ्यांत ते इतर झाडांमध्ये मिसळून, अधूनमधून उभं राहिलं. दर हंगामात त्याची फळं बाकीच्या फळांबरोबर एकाच टोपलीत जात आणि एकाच ढिगात मिसळत. त्याची चव जगासमोर रोज जात होती, पण इतर चवींत विरघळून.

एका कुटुंबाचा मळा

पनामाच्या पश्चिमेला, चिरिकी प्रांतात बारू नावाचा ज्वालामुखी आहे. साधारण ३,४७५ मीटर उंचीचा हा देशातला सर्वांत उंच डोंगर. आकाश निरभ्र असेल तर त्याच्या माथ्यावरून एकीकडे प्रशांत महासागर आणि दुसरीकडे कॅरिबियन समुद्र, असे दोन्ही दिसतात. त्याच्या उतारावर बोकेते हे गाव वसलेलं आहे. इथेच ‘हासिएंदा ला एस्मेराल्दा’ हा पीटरसन कुटुंबाचा मळा आहे.

मूळचे स्वीडनचे अमेरिकन बँकर रुडॉल्फ पीटरसन हे बँक ऑफ अमेरिकेचे अध्यक्ष होते. त्यांनी १९६७ मध्ये निवृत्तीनंतरची सोय म्हणून हा मळा घेतला. त्यांचे चिरंजीव प्राइस पीटरसन यांनी मेंदूच्या रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली होती. पत्नी सुसान यांच्यासह ते सत्तरच्या दशकात इथे येऊन राहिले. सुरुवातीला गुरं आणि दुग्धव्यवसाय हाच मुख्य धंदा होता. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी कॉफीकडे गांभीर्याने लक्ष दिलं. पुढे राशेल, एरिक आणि डॅनियल ही तिन्ही मुलं कामात आली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कुटुंबाने त्याच डोंगररांगेत अधिक उंचीवरची हारामियो नावाची जमीन विकत घेतली. तिथे आधीपासून कॉफीची झाडं होती आणि त्यांत थोडं गेशाही होतं.

काळ कॉफीसाठी वाईट होता. कॉफी उत्पादक आणि ग्राहक देशांमधला भाव सांभाळणारा आंतरराष्ट्रीय करार १९८९ मध्ये मोडला. ब्राझीलचं आणि नव्याने पुढे आलेल्या व्हिएतनामचं उत्पादन वाढत गेलं. २००१ च्या सुमारास अरेबिकाचा भाव पौंडाला पन्नास सेंटच्या खाली घसरला. पनामात जमीन थोडी आणि मजुरी शेजारच्या देशांपेक्षा जास्त. ढिगाने कॉफी विकून इथला शेतकरी तगणं शक्य नव्हतं. याच काळात तिथल्या मळेवाल्यांनी संघटना उभारली, ‘बेस्ट ऑफ पनामा’ ही चवीची स्पर्धा भरवायला सुरुवात केली आणि जिंकलेल्या कॉफीचा लिलाव करायचं ठरवलं.

एक कोपरा वेगळा काढला

हारामियोच्या जमिनीवर ‘ओहो दे गायो’ नावाचा बुरशीजन्य पानरोग आला होता. दमट, थंड हवेत हा रोग झाडांची पानं गाळतो. त्या साथीत गेशाची झाडं इतरांपेक्षा बरी टिकली, हे डॅनियल यांच्या नजरेस आलं. म्हणून त्यांनी या झाडांचं बी घेऊन मळ्याच्या आणखी उंच भागातही ती लावली. इथेही कारण रोगाचंच होतं, चवीचं नव्हतं.

स्पर्धेसाठी नमुना निवडायची वेळ आली तेव्हा या कुटुंबाने एक वेगळी गोष्ट केली. साऱ्या मळ्याची कॉफी एकत्र करून तिचा नमुना काढण्याऐवजी त्यांनी मळ्याच्या प्रत्येक भागातली कॉफी वेगळी तोडली, वेगळी सुकवली, वेगळी भाजली आणि वेगळी चाखली. बहुतेक भागांतली कॉफी चांगली होती, ओळखीची होती. एका उंच भागातली मात्र कशासारखीच लागेना. तिला जाईच्या फुलांचा वास होता, लिंबूवर्गीय फळाच्या सालीचा तजेला होता, पीचसारख्या फळाचा गोडवा होता आणि ती चहासारखी हलकी होती.

तो कोपरा गेशाचा होता.

या साऱ्या कथेतला कळीचा क्षण माझ्या मते हाच. पीटरसन कुटुंबाने गेशा निर्माण केलं नाही. ते पनामात चाळीस वर्षं होतंच. त्यांनी ते वेगळं काढलं. मोठ्या व्यापारात कॉफी जितकी जास्त मिसळली जाते, तितकी तिची चव सरासरीकडे जाते. वाईट चव त्यात झाकली जाते आणि असामान्य चवही बुडते. आपल्या मळ्याचा कोपरा न् कोपरा पायाखाली घातलेलं आणि तोडणीपासून चाखणीपर्यंतचं सगळं काम स्वतः पाहणारं कुटुंबच अशी विभागणी करू शकतं. लहान मळ्याची खरी ताकद इथे आहे.

उंची चवीत काय बदल करते?

गेशा उंचावर गेलं आणि त्याची चव फुलली, हा योगायोग नाही. डोंगरावर हजार मीटर वर गेलं की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. हारामियोचे गेशाचे भाग दीड हजार मीटरच्या वर आहेत. दिवसा ऊन, रात्री गारवा, आणि कॅरिबियन समुद्राकडून डोंगर ओलांडून येणारं बारीक तुषारांचं धुकं. तिथले लोक या धुक्याच्या पावसाला बाहारेके म्हणतात.

झाड दिवसा उन्हात साखर तयार करतं आणि स्वतःच्या जगण्यासाठी त्यातली काही खर्चही करतं. हवा जितकी गरम, तितका हा खर्च जास्त. गार रात्री तो कमी होतो. शिवाय थंडीत फळ सावकाश पिकतं. बियांना भरायला जास्त आठवडे मिळतात. त्यामुळे बी घट्ट भरतं आणि त्यात साखर, आम्लं आणि सुगंधाची पूर्वद्रव्यं अधिक साठतात. पूर्वद्रव्यं म्हणजे भाजताना ज्यांच्यापासून सुगंध तयार होतो ती द्रव्यं. खालच्या गरम हवेत तेच फळ घाईने पिकतं आणि बी सैल राहतं.

वाण आणि जागा यांचं हे नातं मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. हापूसची कलमं कुठेही लावता येतात आणि आंबेही धरतात. पण देवगड-रत्नागिरीच्या कातळावर, समुद्राच्या वाऱ्यात पिकलेल्या हापूसची सर त्यांना येतेच असं नाही. झाडात शक्यता असते, ती उघडते जागेमुळे. गेशाचंही तसंच. सखल जमिनीवरचं गेशा पनामातल्या शेतकऱ्यांनी सामान्य ठरवलं, त्यात त्यांची चूक नव्हती. त्यांच्या कपात ते सामान्यच होतं.

फळ ते बी : बिघडण्याच्या अनेक जागा

चांगलं वाण आणि चांगली जागा मिळाली तरी पुढे चव घालवण्याच्या अनेक जागा आहेत.

पहिली जागा तोडणी. एकाच घोसात हिरवी, पिवळट आणि लाल फळं शेजारी शेजारी असतात. हिरव्या फळाचं बी तुरट, तर फार पिकलेल्याचं आंबूस. म्हणून एकाच झाडाकडे हंगामात पुन्हा पुन्हा जाऊन फक्त पिकलेलं फळ बोटांनी फिरवून काढावं लागतं. बोकेतेच्या मळ्यांत हे काम प्रामुख्याने नोबे-बुगले या आदिवासी समाजाची माणसं करतात. उतारावर उभं राहून दिवसभर रंग पाहून फळ वेचणं हे डोळ्यांचं आणि बोटांचं कसब आहे. या कॉफीच्या चवीचा पहिला पाया त्यांच्या हाताने घातला जातो, हे तिची किंमत वाचताना विसरता कामा नये.

एका फळात बहुधा दोन बिया असतात. त्यांच्यावर पातळ, चिकट गराचा थर, त्याखाली कागदासारखं टणक कवच. साधारण पाच-सहा किलो फळांतून एक किलो कच्ची कॉफी निघते.

दुसरी जागा प्रक्रियेची. तिच्या मुख्य पद्धती दोन. धुण्याच्या पद्धतीत यंत्राने फळाची साल काढतात आणि चिकट गर असलेल्या बिया टाकीत ठेवतात. सूक्ष्मजीव तो गर सैल करतात. मग बिया धुऊन वाळवतात. यात फळाची स्वतःची चव मागे राहते आणि बियांची चव स्वच्छ पुढे येते. नैसर्गिक पद्धतीत अख्खं फळच उन्हात वाळवतात. आतल्या बियांना फळाचा गोडवा आणि थोडा आंबवल्याचा वास लागतो. २०२५ च्या लिलावात विक्रम करणारी कॉफी धुतलेली होती.

वाळवताना बियांतला ओलावा अकरा टक्क्यांच्या आसपास आणावा लागतो. जास्त राहिला तर बुरशी, कमी झाला तर सुगंध उडतो. उन्हात पसरलेली कॉफी वरचेवर हलवायची, दुपारी सावलीत घ्यायची, पावसाची चाहूल लागली की झाकायची, हे काम दिवसेंदिवस चालतं. एका लहान खेपेसाठी एवढी राखण करणं मोठ्या कारखान्याला परवडत नाही.

तिसरी जागा भट्टी. भाजताना बियांतल्या साखरा आणि प्रथिनांचे घटक एकमेकांशी क्रिया करतात आणि शेकडो सुगंधी रेणू तयार होतात. बी फुगून तडकल्याचा आवाज येतो. त्यानंतर फार वेळ भाजलं तर फुलांचे, फळांचे नाजूक वास जळतात आणि भाजल्याची कडवट चव सगळ्यावर बसते. म्हणून गेशा हलकीच भाजतात. गडद भाजलेली गेशा आणि गडद भाजलेली साधी अरेबिका यांतला फरक फार थोडा उरतो.

जाईचा वास मोजतात कसा?

कॉफीची परीक्षा ज्या पद्धतीने होते तिला कपिंग म्हणतात. टेबलावर एका कॉफीचे पाच कप मांडतात. एखाद्या कपात खराब बी आलं तर ते उघडं पडावं, म्हणून पाच. दीडशे मिलिलीटर पाण्याला सव्वाआठ ग्रॅम, या प्रमाणात ताजी दळलेली कॉफी प्रत्येकात घालतात. आधी कोरड्या भुकटीचा वास घेतात. मग उकळीच्या थोडं खालचं गरम पाणी ओततात. वर जाड साय धरल्यासारखा भुकटीचा थर येतो. चार मिनिटांनी परीक्षक नाक कपाशी नेऊन चमच्याने तो थर फोडतो. त्या क्षणी कोंडलेला वास एकदम वर येतो. नंतर फेस काढून टाकतात आणि कॉफी जरा निवली की चमच्याने चाखतात.

चाखताना परीक्षक जोरात भुरका मारतात. त्याला कारण आहे. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. जाई, लिंबाची साल, पीच हे सगळं नाकाला कळतं. भुरका मारल्याने कॉफी बारीक थेंबांच्या रूपात तोंडभर उडते आणि तिची वाफ घशाच्या मागून नाकात चढते. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग असा मागच्या दाराने नाकात शिरलेला वास असतो.

आणि कॉफीत जाई कुठून आली? वरून काही घातलेलं नसतं. लिनालूल नावाचा एक सुगंधी रेणू जाईच्या फुलांत असतो, बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीत असतो आणि कॉफीतही आढळतो. वनस्पतींच्या रसायनशाळेत अशा रेणूंची देवाणघेवाण नाही, पण कृती सारख्या आहेत. कोणता रेणू किती प्रमाणात तयार होईल हे वाण, जागा आणि भट्टी मिळून ठरवतात. आपलं नाक तो ओळखीचा रेणू पकडतं आणि मेंदू त्याला ओळखीचं नाव देतो.

सुगंध, चव, मागे रेंगाळणारी चव, आम्लता, जिभेवरचं वजन, समतोल अशा मुद्द्यांवर गुण देऊन शंभरपैकी बेरीज करतात. ऐंशी किंवा त्याहून जास्त गुण मिळाले तर ती स्पेशालिटी कॉफी. २०२५ च्या विक्रमी कॉफीला ९८ गुण मिळाले.

भाव कसा चढला?

एस्मेराल्दाच्या गेशाला २००४ मध्ये पौंडाला २१ डॉलर मिळाले. २००७ मध्ये १३० डॉलर, २०१३ मध्ये ३५० डॉलर, २०१७ मध्ये ६०१ डॉलर. मग इतर मळेही उतरले. बोकेतेतल्याच लामास्तुस कुटुंबाच्या एलिदा मळ्याच्या गेशाने २०१९ मध्ये पौंडाला १,०२९ डॉलर आणि २०२४ मध्ये किलोला १३,५१८ डॉलर मिळवले. २०२५ चा विक्रम पुन्हा एस्मेराल्दाचा. तो भाव पौंडात मोजला तर तेरा हजार सातशे डॉलर होतो.

वीस वर्षांत चव साडेसहाशे पट सुधारली, असा याचा अर्थ नाही. पहिल्या टप्प्यातली वाढ चवीची होती. अशी कॉफी असू शकते हे खरेदीदारांना नव्याने कळलं आणि ती फार थोडी होती. नंतरची वाढ बाजाराची आहे. लिलावातल्या खेपा लहान, वीस-वीस किलोच्या झाल्या. खरेदीदार पूर्व आशिया आणि आखाती देशांतून वाढले. २०२५ ची विक्रमी खेप दुबईच्या एका कंपनीने घेतली. अशा खरेदीदाराला कॉफीइतकीच बातमीही हवी असते. विक्रमी भाव हा त्या कुटुंबाच्या रोजच्या विक्रीचा भावही नाही. याच मळ्यातली कातुआई वाणाची कॉफी याच्या कितीतरी खाली विकली जाते.

पण या भावांचा एक पक्का परिणाम झाला. जे झाड शेतकऱ्यांना नकोसं झालं होतं, ते आता कोलंबिया, कोस्टा रिका आणि खुद्द इथिओपियात मुद्दाम लावलं जातं. कमी पीक देणारं वाणही परवडू शकतं, हे सिद्ध झालं. आणि त्या वाणाचं मूळ असलेल्या जंगलांची किंमतही लोकांच्या ध्यानात येऊ लागली. लंडनच्या क्यू उद्यानातल्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये जगातल्या १२४ कॉफी प्रजातींची पाहणी केली. त्यांतल्या ७५ प्रजाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत. जंगलतोड आणि वाढतं तापमान ही मुख्य कारणं. पुढचं गेशा कदाचित त्याच जंगलांत असेल. जंगल गेलं तर ते चाखायच्या आधीच संपेल.

थोडक्यात

- वाण : गेशा इथिओपियाच्या जंगलातलं. तांबेऱ्याला तोंड देण्यासाठी गोळा केलेलं. पीक कमी, फांद्या ठिसूळ.
- जागा : उंची, गार रात्री आणि धुकं यांमुळे फळ सावकाश पिकतं आणि बी घट्ट भरतं.
- हात : पिकलेलंच फळ तोडणं, काळजीने वाळवणं, हलकं भाजणं.
- विभागणी : मळ्याचा प्रत्येक भाग वेगळा चाखला, म्हणून लपलेली चव सापडली.
- भाव : आधी चवीने वाढला, नंतर टंचाई आणि चढाओढीने.

आपल्या मळ्यांत काय लपलं असेल?

ही गोष्ट भारतासाठी परकी नाही. अमेरिका खंडातल्या कॉफीच्या वंशावळीत मलबारचं नाव आहे. कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूत कॉफी झाडांच्या सावलीत, बरेचदा मिरी आणि वेलदोड्याच्या सोबतीने वाढते. बहुसंख्य उत्पादक लहान शेतकरी आहेत. आपल्या विदर्भात चिखलदऱ्याच्या डोंगरावरही थोडी कॉफी होते. पण देशातला बराचसा माल परदेशात जातो, आणि त्यातला मोठा भाग मोठ्या खेपांत मिसळून जातो.

चित्र बदलतंय. २०१९ मध्ये कोडगू, चिकमगळूर आणि बाबाबुदनगिरीची अरेबिका, वायनाडची रोबस्टा आणि आंध्रातल्या अराकू खोऱ्याची अरेबिका, अशा पाच कॉफींना भौगोलिक मानांकन मिळालं. अराकूच्या आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी २०१७ पासून पॅरिसमध्ये स्वतःच्या नावाने विकली जाते. चिकमगळूर आणि कोडगूमधली काही कुटुंबं आपापल्या मळ्याचे भाग वेगळे करून, वाणाचं आणि प्रक्रियेचं नाव लिहून कॉफी देऊ लागली आहेत. मुंबई-पुण्यात आणि ऑनलाइन ती मिळते. तिचा भाव साध्या कॉफीपेक्षा जास्त असतो, पण विक्रमी गेशाच्या जवळपासही नसतो.

मात्र शेतकऱ्याने वेगळी काढलेली कॉफी वेगळी म्हणून विकत घेणारा ग्राहक नसेल, तर पुढच्या हंगामात ती पुन्हा मोठ्या ढिगात जाईल. वेगळी तोडणी, वेगळी सुकवणी यांचा खर्च त्याला कोणीतरी भरून द्यावा लागतो. तो आपण देऊ शकतो.

जायफळ घालून उकळलेली दुधाची कॉफी आपल्या घरची आहे आणि ती तशीच राहावी. तिच्या जोडीला एकदा एवढं करून पाहा. एकाच मळ्याची धुतलेली आणि नैसर्गिक, अशा दोन कॉफींची लहान पाकिटं आणा. शक्यतो अख्खं बी घ्या आणि ऐनवेळी दळा. दोन्ही एकाच मापाने करा, पहिले चार घोट दूध-साखरेशिवाय घ्या आणि जरा निवल्यावर पुन्हा घ्या. फरक जाणवायला परीक्षक असावं लागत नाही. आणि पुढच्या वेळी कॉफी घेताना पाकिटावर मळ्याचं नाव, वाण आणि भाजल्याची तारीख लिहिली आहे का, ते पाहा. नसेल तर दुकानदाराला विचारा. असे प्रश्न वाढले, तरच आपल्या मळेवाल्यांना आपापला कोपरा वेगळा काढणं परवडेल.